पब्लिक हेल्थचा कोर्स आणि हेल्थ इक्विटी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऍडमिशनचा सीझन आला की तेच तेच प्रश्न येतात, मेसेजवर, फोनवर, कोणाच्या तरी मावसभावाच्या मित्राकडून. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकते. युनिव्हर्सिटीत पब्लिक हेल्थ शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि हल्ली प्रत्येक प्रोग्रामच्या माहितीपत्रकावर हेल्थ इक्विटी असं ठळक छापलेलं असतं त्यात खरं किती आणि शोभेचं किती, हे दोन मुद्दे मुख्य आहेत. बाकीचं ओघाने आलंय.

पब्लिक हेल्थ म्हणजे डॉक्टरकीच ना शेवटी?

नाही. डॉक्टरसमोर एक पेशंट बसलेला असतो, पब्लिक हेल्थवाल्यासमोर अख्खी वस्ती असते आणि त्यातले बरेचसे लोक अजून आजारी पडलेलेच नसतात. नेहमीचं उदाहरण म्हणजे १८५४ चं लंडन. सोहो भागात कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्यांची घरं कुठे कुठे होती ते शोधत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपापर्यंत माग काढला आणि पंपाचा दांडा काढून घ्यायला लावला. हे सगळ्यांना पाठ असतं. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो, तो म्हणजे जे मेले नाहीत त्यांच्याकडेही तो गेला. पंपाजवळच एक ब्रुअरी होती, तिथले कामगार धडधाकट होते, का तर ते बिअर प्यायचे आणि ब्रुअरीची स्वतःची वेगळी विहीर होती. शेजारचा का वाचला हे विचारल्याशिवाय हा का मेला ते कळत नाही, अर्धा पब्लिक हेल्थ इथेच आला. (साथ तोवर ओसरायला लागली होती हे खरंय, त्यामुळे दांडा काढला आणि लंडन वाचलं असं कोणी सांगितलं तर लगेच पूर्ण विश्वास ठेवू नका.)

मग हेल्थ इक्विटी म्हणजे काय? सगळ्यांना सारखं देणं?

सारखं वाटून सारखं होत नाही, तिथेच सगळी गोची आहे. १९९० च्या सुमारास मार्गारेट व्हाइटहेड या ब्रिटिश अभ्यासिकेने एक सोपी कसोटी मांडली जी अजून वापरली जाते. आरोग्यातला जो फरक टाळता येण्यासारखा आहे, ज्याची काही गरज नाही आणि जो अन्यायाचा आहे तो खरा आपला प्रश्न. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची हाडं तरुणापेक्षा लवकर मोडतात, हा फरक आहे, अन्याय नाही. पण बाळंतपणात रक्तस्राव झाला आणि एकीला तासाभरात रक्त मिळालं, दुसरीला मिळालं नाही कारण ती जिथे राहते तिथे ब्लड बँकच नाही, तर हा फरक कोणाच्या शरीरात नाहीये, तो माणसांनी केलेल्या व्यवस्थेत आहे. डब्ल्यूएचओच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे २,८७,००० बायका गरोदरपणात नाहीतर बाळंतपणात गेल्या, आणि त्यातले जवळपास ९५ टक्के मृत्यू कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. त्यातल्या बहुतेक मृत्यूंवर इलाज काय हे वैद्यकशास्त्राला कधीचं माहीत आहे, त्यामुळे शोध लागायचाय असंही म्हणता येत नाही.

म्हणजे हा गरिबांचा विषय झाला ना?

सगळ्यांचा हाच समज असतो आणि तो मोडायला व्हाइटहॉलचा अभ्यास शिकवतात. १९६७ मध्ये लंडनमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला, सतरा हजारांवर पुरुष, सगळे नोकरदार, दर महिन्याला पगार, ऑफिसातलं काम, म्हणजे उपाशी त्यात कोणीच नव्हतं. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या तिपटीपेक्षा जास्त निघालं. बरं, फरक नुसता वर आणि खाली एवढाच नव्हता, प्रत्येक पायरीवर होता. दुसऱ्या नंबरची श्रेणी, जे बऱ्यापैकी मोठे साहेब, तेसुद्धा पहिल्या श्रेणीपेक्षा जास्त मरत होते. सिगारेट, ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग उरतच होता. मग १९८५ पासून मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरा अभ्यास झाला, त्यात बायकाही होत्या, आणि त्यातून कामावर स्वतःच्या हातात किती ताबा आहे, ताण किती, वरिष्ठांचा आधार किती असल्या गोष्टी पुढे आल्या.

म्हणून या पायरीपायरीच्या फरकाला आम्ही उतार म्हणतो, दरी नाही. दरी म्हटलं की आपण अलीकडच्या काठावर सुखरूप आहोत असं वाटतं.

लोकं स्वतःच काळजी घेत नाहीत, त्याला युनिव्हर्सिटी काय करणार?

हा प्रश्न दरवर्षी येतो, बहुतेकदा थोडा वैतागून विचारलेला असतो, आणि मी तो टाळत नाही कारण त्यात थोडं तथ्य आहे. सिगारेट माणूसच ओढतो, कोणी तोंडात कोंबत नाही. पण निवड करायला समोर काहीतरी दोन पर्याय लागतात. रात्रपाळी करणाऱ्याला वेळेवर झोप घ्या सांगून काय उपयोग, आणि ज्या वस्तीत संध्याकाळनंतर रस्त्यावर दिवे नाहीत तिथल्या बाईला रोज चालायला जा सांगणारा सल्ला कागदावर बरोबर आहे, बस.

आणि उलटी गंमत बघा. १९७१ मध्ये ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने लिहिलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सगळ्यात जास्त लागते तिथेच ती सगळ्यात कमी मिळते, आणि बाजारावर जितकं सोडाल तितकं हे वाढतं. त्याला उलट्या सेवेचा नियम म्हणतात. पन्नास वर्षं होऊन गेली, नियम जुना झाला असं अजून तरी वाटत नाही.

हे सगळं राजकारण नाही का?

आहे. रुडॉल्फ विरचो, पेशींच्या अभ्यासासाठी ज्याचं नाव मेडिकलची पोरं घोकतात तो, १८४८ मध्ये सव्वीस वर्षांचा होता तेव्हा प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारने त्याला अप्पर सायलेशिया भागात टायफसची (उवांमधून पसरणाऱ्या तापाची) साथ बघायला पाठवलं. त्याने परत येऊन औषधांची यादी देण्याऐवजी लोकांना शिक्षण द्या, त्यांच्या भाषेत कारभार करा, रस्ते करा, करांचं ओझं गरिबांवरून काढा असं लिहून दिलं. सरकारला काय आवडणार ते! पण कुठल्या पक्षाला मत द्या हे कोर्समध्ये कोणी शिकवत नाही. धोरणाने कोण जगलं कोण मेलं हे मोजायला शिकवतात, आणि ते मोजलं की कोणीतरी नाराज होतंच.

गणित किती लागतं? मी आर्ट्सची आहे, बारावीनंतर गणित सोडलंय

चालतं. एपिडेमिऑलॉजी (आजार कोणात, कुठे, का पसरतो त्याचा अभ्यास) आणि बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकड्यांचं संख्याशास्त्र) हे दोन पेपर सगळ्यांना असतात, सॉफ्टवेअरवर बहुतेक ठिकाणी आर किंवा स्टाटा शिकवतात. घाबरणारे बरेच असतात, नापास होणारे कमी. गणित करणं सॉफ्टवेअर बघतं, कुठला आकडा विचारायचा हे तुम्हाला कळावं लागतं. हे जरा सविस्तर सांगते कारण सगळा हेल्थ इक्विटीचा विषय माझ्या मते या एका हिशोबात दिसतो.

समजा एका भागात १००० बाळं आहेत. ८०० मुख्य शहरात आणि २०० कडेच्या वस्त्यांमध्ये. शहरात लसीकरण ९५ टक्के म्हणजे ७६० बाळं, कडेला ५० टक्के म्हणजे १००. एकूण ८६० झाली, म्हणजे ८६ टक्के. रिपोर्टमध्ये ८६ जातं, बरं दिसतं, सगळे खूश.

आता वरून टार्गेट येतं की ८९ च्या पुढे न्या. पहिला मार्ग, शहरात जोर लावा, तिथे सेंटर आहेत, माणसं आहेत, फोन केला की लोक येतात. शहर ९५ वरून ९९ वर गेलं, म्हणजे ७९२. कडेची १०० तशीच. एकूण ८९२. दुसरा मार्ग, शहर आहे तिथेच राहू दे आणि कडेला जा, तिथे ५० वरून ६६ टक्के करा, म्हणजे १३२. शहराची ७६० अधिक १३२, एकूण किती? परत ८९२.

दोन्हीकडे ३२ बाळं वाढली, दोन्हीकडे रिपोर्टमध्ये ८९.२ टक्के. पण पहिल्यात शहर आणि कड यातला फरक ४५ वरून ४९ झाला आणि दुसऱ्यात २९ वर आला. सरासरीला हे दिसतच नाही. आणि टार्गेट फक्त सरासरीचं असेल तर कुठला शहाणा अधिकारी दुसरा मार्ग घेईल, तो महाग, लांबचा, कटकटीचा. शिवाय गोवरासारखा आजार काही सरासरी बघून येत नाही, तो जिथे बिनलसीची पोरं एकत्र आहेत तिथेच पेटतो, त्यामुळे ते कडेचे २०० नुसत्या न्यायासाठी नाही तर साथ थांबवायलाही महत्त्वाचे आहेत.

ब्राझीलच्या सेझार व्हिक्टोरा यांनी २००० मध्ये हेच मोठ्या चित्रात मांडलं, की कुठलीही नवी चांगली आरोग्य योजना आधी ज्यांचं बरं चाललंय त्यांच्यापर्यंत पोचते, त्यामुळे सुरुवातीला विषमता वाढते, मग हळूहळू खालचे गाठतात. म्हणजे योजना चांगली असूनही आणि कोणाच्या मनात काही वाईट नसूनही फरक वाढू शकतो. म्हणून आकडा समोर आला की आमच्याकडे पहिला प्रश्न, हा फोडून दाखव. बाई-पुरुष, वस्ती, उत्पन्न, वय, अपंगत्व. आणि फोडायला डेटाच गोळा केलेला नसेल तर तेही उत्तरच आहे, कोणाला मोजायची गरज वाटली नाही ते कळतं.

बाकी काय काय शिकवतात?

आरोग्य धोरण, पर्यावरण आणि आरोग्य, वर्तनशास्त्र, बजेट आणि मॅनेजमेंट, संशोधनाची नीती, आणि लिहिणं. लिहिणं खूप. अमेरिकेत मान्यता देणाऱ्या संस्थेच्या नियमाने एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ ही पदवी, किमान ४२ सेमिस्टर क्रेडिटची असते, साधारण दोन वर्षं, ब्रिटनमध्ये फुल टाइम केली तर बहुधा एका वर्षात होते.

फिल्डवर्क म्हणजे नक्की काय करायचं?

याला प्रॅक्टिकम म्हणतात, आरोग्य खात्यात, संस्थेत, हॉस्पिटलमध्ये किंवा वस्तीतल्या एखाद्या गटासोबत काम करायचं आणि त्यांच्या उपयोगाचं काहीतरी हातात ठेवून यायचं. तुमच्या उपयोगाचं नाही, त्यांच्या. नकाशा, माहितीपत्रक, डेटाचा डॅशबोर्ड, ट्रेनिंगचं मटेरियल, काहीही.

यात माणूस खरं शिकतो ते प्रश्नावली करताना. नवीन विद्यार्थी हमखास असा प्रश्न लिहितो: तुम्ही तपासणीला का आला नाहीत? समोरची बाई एकतर गप्प बसते नाहीतर वेळ नव्हता म्हणून मोकळी होते, कारण प्रश्नातच ओरडा आहे. तोच प्रश्न असा विचारा: उद्या तपासणीला यायचं ठरवलंत तर काय काय जुळवावं लागेल? मग बघा कसं निघतं एकेक. कामावरची सकाळची पाळी बुडते, ती बुडली की पैसे कापतात, सासूला सांभाळायला कोणी हवं, बस दोनदा बदलायची, पोचेपर्यंत खिडकी बंद, आणि मागच्या वेळी काउंटरवरचा माणूस सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला होता आजाराचं नाव घेऊन. पहिल्या प्रश्नातून रिपोर्टमध्ये येतं जागरूकतेचा अभाव. दुसऱ्यातून येतं खिडकीची वेळ बदला आणि काउंटरला काच लावा. जागरूकतेचा अभाव हे दोन शब्द कुठल्याही रिपोर्टात दिसले की मी आधी प्रश्नावली मागते.

लोकं सहकार्य करत नाहीत, युनिव्हर्सिटीवाल्यांवर विश्वास ठेवत नाहीत, असं ऐकलंय

का ठेवावा? टस्कीगीचं वाचा. १९३२ मध्ये अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसने अलाबामात टस्कीगी इन्स्टिट्यूटच्या सोबतीने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं तुमचं रक्त खराब आहे, त्याचा उपचार करतोय. उपचार नव्हताच, आजार वाढताना बघायचा होता. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सर्वमान्य इलाज झाला होता तरी तो दिला नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात फुटलं तेव्हा कुठे थांबलं. चाळीस वर्षं, आणि हे लपूनछपून करणारे कोणी माथेफिरू नव्हते, पब्लिक हेल्थचेच लोक होते, आपल्या विषयाचे.

त्यातून पुढे माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीवरचा १९७९ चा बेलमाँट रिपोर्ट आला, संमती आणि एथिक्स कमिटीचे नियम कडक झाले. पण संमतीच्या फॉर्मवर सही घेतली म्हणजे विश्वास मिळाला असं नाही. आता चांगल्या प्रोग्राममध्ये वस्तीतले लोक सुरुवातीपासून सोबत असतात, प्रश्न काय विचारायचा, डेटा कोणाकडे राहणार, निष्कर्ष आधी कोणाला सांगणार हे त्यांच्याशी बसून ठरतं. वेळ लागतो. भांडणं होतात. पेपर उशिरा छापून येतो आणि प्राध्यापकाची बढती त्या पेपरवर असते, हा गुंता अजून कुठल्याच युनिव्हर्सिटीने नीट सोडवलेला मी पाहिला नाही.

आता एआय आलंय, मशीन तर भेदभाव करत नाही ना?

मशीन जे शिकवाल ते करतं. २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकात एक अभ्यास आला, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत वापरात असलेल्या एका अल्गोरिदमवर. कोणाला जास्त काळजीची गरज आहे ते निवडायचं काम होतं त्याचं, आणि गरज मोजायला त्याने पुढे किती खर्च होणार हा आकडा धरला. वरवर बघता काय चुकलं? पण तेवढ्याच आजारी कृष्णवर्णीय पेशंटवर आधीपासूनच कमी खर्च होत आलेला, म्हणून मशीनला वाटलं हे कमी आजारी. हे दुरुस्त केलं तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्के होईल असं निघालं. प्रोग्रामात वंश हा कॉलम नव्हताच, तरी हे झालं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ च्या खाली ऑक्सिजन असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. कोविडच्या ऐन काळात. यंत्र तयार करताना कोणाच्या बोटावर तपासलं हा प्रश्न एपिडेमिऑलॉजीचाच आहे, म्हणून डेटा सायन्सवाल्या पोरांनी हा कोर्स जरूर करावा असं मी सांगत असते, ते मनावर घेत नाहीत तो भाग वेगळा.

पण युनिव्हर्सिटीच्या कामाने प्रत्यक्षात काही बदलतं का? का नुसते पेपर?

बदलतं, नेहमी नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं बघा. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी फ्लिंट नदीवर वळवलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करायची ती केलीच नाही, त्यामुळे जुन्या पाइपातलं शिसं पाण्यात उतरायला लागलं. लोक बाटल्यांत पिवळं तपकिरी पाणी घेऊन सभांना जात होते, अधिकारी म्हणत होते पाणी ठीक आहे. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या टीमने रहिवाशांना किट दिली, लोकांनी आपापल्या नळाचे नमुने भरून पाठवले आणि शिसं सापडलं. त्याच वेळी बालरोगतज्ज्ञ मोना हन्ना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ताचे रिपोर्ट पाणी बदलायच्या आधीचे आणि नंतरचे असे ताडून बघितले.

इथे तो फोडून बघण्याचा मुद्दा परत येतो. पिनकोडसारख्या झिप कोडने हिशोब केला तर वाढ अंधुक दिसत होती, कारण फ्लिंटचे झिप कोड शहराच्या हद्दीबाहेर पसरलेले, आणि बाहेरच्या मुलांना हे पाणी जातच नव्हतं, ती सगळी सरासरीत मिसळून आकडा सौम्य करत होती. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या भूगोलाच्या संशोधकाने प्रत्येक मुलाचा पत्ता नकाशावर टाकला, हद्दीतली मुलं वेगळी काढली. मग चित्र स्वच्छ झालं. शहरात शिसं जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ वरून ४.९ टक्के, आणि ज्या भागात पाणी सगळ्यात खराब तिथे ४ वरून १०.६. सुरुवातीला सरकारी प्रवक्त्यांनी हे उडवून लावलं, मग मान्य करावं लागलं, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये जुन्या पाण्यावर परत आले. पोरांच्या शरीरात गेलेलं शिसं काही त्याने परत निघालं नाही.

चांगल्या बाजूचं एक सांगायचं तर गडचिरोलीतलं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं नवजात बाळांचं काम जगभरच्या पब्लिक हेल्थच्या वर्गांत शिकवलं जातं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचं वजन घेणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शन देणं, आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोवर मोठमोठ्या लोकांचं मत होतं की हॉस्पिटलशिवाय हे शक्य नाही.

प्रोग्राम खरोखर इक्विटीवर काम करतो का नुसतं नाव लावलंय, हे कसं ओळखायचं?

माहितीपत्रक बाजूला ठेवा, त्यावरचे हसरे फोटो सगळीकडे सारखेच असतात. त्यांना सरळ मेल करून विचारा. वस्तीतल्या ज्या संस्थेसोबत काम करता तिला ग्रँटमधला वाटा मिळतो का, का नुसतं आभार प्रदर्शनात नाव? प्रॅक्टिकमला पैसे मिळतात का, कारण फुकट काम करणं ज्याला परवडतं तोच ते करतो आणि मग इक्विटी शिकायला फक्त खात्यापित्या घरची पोरं उरतात. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग आहेत का. संशोधनाचे निष्कर्ष ज्यांच्यावर अभ्यास केला त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले का, एखादं उदाहरण द्या म्हणावं.

आणखी एक, इक्विटी हा शेवटच्या सेमिस्टरचा एक ऐच्छिक पेपर आहे का बायोस्टॅटच्या गणितांतही येतो, हे सिलॅबस मागून बघा. ऐच्छिक पेपरवर ढकललेलं असेल तर मी तरी दुसरा प्रोग्राम शोधीन. आणि शक्य झालं तर सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला, प्रोग्रामने गाठ घालून दिलेल्या नाही, तुम्ही स्वतः शोधलेल्या.

एमपीएच, डीआरपीएच, पीएचडी, काय घेऊ?

प्रत्यक्ष काम करायचं असेल तर एमपीएच. संशोधन आणि शिकवणं असेल तर पीएचडी. खातं किंवा संस्था चालवायची असेल आणि गाठीला काही वर्षांचा अनुभव असेल तर डीआरपीएच, म्हणजे डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ. गोंधळ असेल तर आधी एमपीएच, गोंधळ तिथे बऱ्यापैकी निवळतो.

मी डॉक्टर, नर्स काहीच नाही. घेतात का?

घेतात. वकील, शिक्षक, सोशल वर्कवाले, इंजिनिअर, पत्रकार सगळे असतात वर्गात आणि असलेच पाहिजेत. डॉक्टरांना उलट सुरुवातीला जड जातं, एकेका पेशंटची सवय असते, लोकसंख्या म्हटलं की चिडचिड होते त्यांची.

नोकरी मिळते का?

मिळते, पण कॅम्पसला कंपन्यांची रांग लागेल असं समजून येऊ नका. आरोग्य खाती, आंतरराष्ट्रीय संस्था, हॉस्पिटलांचे गुणवत्ता विभाग, संशोधन प्रकल्प, विमा आणि हेल्थ डेटाच्या कंपन्या. बऱ्याचशा जागा प्रकल्पावर असतात, ग्रँट संपली की जागा संपते, आणि साथ आली की सगळ्यांना एपिडेमिऑलॉजिस्ट हवे असतात, साथ गेली की बजेट कापतात, हे चक्र विषयाला जन्मापासून चिकटलंय. डेटा हाताळता येणारा आणि नीट लिहिता येणारा माणूस सहसा रिकामा बसत नाही. पगार क्लिनिकल डॉक्टरच्या तुलनेत कमी, आधीच सांगून ठेवते.

अर्जातलं स्टेटमेंट कसं लिहू?

लहानपणापासून लोकांची सेवा करायची इच्छा होती, हे वाक्य खोडून टाका, कमिटीने ते सकाळपासून बऱ्याच वेळा वाचलेलं असतं. तुम्ही बघितलेली एकच अडचण घ्या, छोटी चालेल, आणि ती कोणाला जास्त भोवते, का भोवते, तुमच्या मते कुठल्या पायरीवर ती अडवता येईल आणि ते करायला तुम्हाला काय येत नाही ते लिहा. शेवटचं महत्त्वाचं, कारण जे येत नाही त्यासाठीच तर कोर्स करताय. शब्दमर्यादा पाळा, प्रोग्रामचं नाव बरोबर लिहा (चारपाच ठिकाणी अर्ज करताना एकाचं नाव दुसऱ्याला जातं, दरवर्षी होतं), आणि शिफारसपत्रासाठी सरांना डेडलाइनच्या आदल्या रात्री मेसेज करू नका, निदान महिनाभर आधी सांगा.